सोलापूर रोड पुण्यात, पुणे नाका सोलापुरात

नवी पेठेत उभं राहून फोनवर ‘चादरीचं दुकान’ शोधा. मग जुळे सोलापुरात जाऊन पुन्हा तेच शोधा. शब्द तेच, फोन तोच, शहरही तेच. पण समोर येणारी यादी बदललेली असते. क्षणभरात घडणाऱ्या या बदलामागं किती डोकी राबली आहेत हे कळलं, की त्या साध्या यादीकडं बघतच राहावंसं वाटतं.

आधी फोनला स्वतःची जागा कळावी लागते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहांकडून निघालेला संदेश सेकंदाच्या साधारण पंधराव्या भागात पेठेतल्या गल्लीत पोचतो, आणि वेगवेगळ्या उपग्रहांच्या वेळांतल्या बारीक फरकावरून फोन आपलं ठिकाण काढतो. पण खरा गुंता पुढंच आहे, आणि तो नावांचा आहे.

पुण्यात हडपसरच्या बाजूला सोलापूर रोड आहे. तिथल्या दुकानांच्या पत्त्यातच ‘सोलापूर’ आलं. इकडं सोलापुरात पुणे नाका आहे, विजापूर रोड, होटगी रोड, अक्कलकोट रोड, हैदराबाद रोड आहे. रस्ता ज्या गावाला जातो त्याचं नाव रस्त्याला द्यायची आपली जुनी रीत. मंगळवार पेठ सोलापुरात, पुण्यात आणि कोल्हापुरातही. नवी पेठ पुण्यालाही आहे. भर म्हणून भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर! ती शोधणाऱ्या पुणेकराला सोलापूरला यायचं नसतं, चादर घरी न्यायची असते. म्हणजे ‘सोलापूर’ हा शब्द एकदा गाव, एकदा दिशा आणि एकदा मालाची ओळख. माणसाला हे न सांगता उमगतं. यंत्राला प्रत्येक वेळी ताडून बघावं लागतं.

नावं दगा देतात, तर जागेला आकडा द्यावा. हा विचार आपल्या देशात तडीस नेला तो एका मराठी माणसानं. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. एकाच नावाची अनेक गावं आणि नाना भाषांतले पत्ते, ही अडचण तेव्हाही होतीच. सोलापूरच्या ४१३००१ मधला पहिला आकडा टपालाचा मोठा विभाग दाखवतो, पहिले तीन मिळून छाटणीचा जिल्हा, उरलेले तीन टपाल कार्यालय. डावीकडून जितके आकडे जुळतील तितकी ठिकाणं बहुधा जवळची. मात्र भीमा ओलांडून विजयपूर जिल्ह्यात शिरलं, की आकडा एकदम ५८६ नं सुरू होतो. समोरासमोरच्या काठांवरची गावं आकड्यांत मात्र लांब पडतात.

याच वाटेनं खूप पुढं गेलेली एक पद्धत आहे. एस-टू हे तिचं नाव. ती गूगलमध्ये तयार झाली आणि आता सर्वांना खुली आहे. पृथ्वी एका घनाच्या सहा बाजूंवर पसरली आहे असं मानायचं. प्रत्येक बाजूचे चार चौकोन करायचे, त्या प्रत्येकाचे पुन्हा चार, असं तीस वेळा. शेवटचा तुकडा सरासरी एक चौरस सेंटिमीटरहूनही लहान, आणि सगळे मिळून जवळजवळ सातवर अठरा शून्यं इतके! त्यांना क्रमांक देण्यासाठी कामी आली ती १८९१ मध्ये जर्मन गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट यांनी मांडलेली रेषा. धोट्यातला एकच धागा न तुटता जाऊन-येऊन अख्खी चादर भरतो, तशी ही रेषा अख्खा चौकोन भरते. पण ती एक कोपरा पुरता भरल्याशिवाय पुढच्या कोपऱ्याला हात लावत नाही. त्यामुळं रेषेवर जवळ असलेले क्रमांक जमिनीवरही जवळच असतात. जवळचं दुकान शोधायला जगभरातली दुकानं धुंडाळावी लागत नाहीत. क्रमांकांचे मोजके पट्टे तपासले की भागतं. ‘मोजके’, कारण भीमाकाठची अडचण इथंही पुरती सुटलेली नाही: शेजारचे काही चौकोन रेषेवर लांब पडतातच.

जवळ असलं म्हणून दुकान वर दिसेलच असं नाही. गूगल तीन कसोट्या सांगतं: शोधाशी जुळणी, अंतर आणि ख्याती. पैसे भरून वरची जागा मिळत नाही, हेही ते स्पष्ट सांगतं. समजा, चादरींच्या एका व्यापाऱ्याची तीन दुकानं आहेत: नवी पेठेत, जुळे सोलापुरात आणि पुण्यात सोलापूर रोडवर. गिऱ्हाइकांच्या मनात पेढी एकच. नकाशावर मात्र प्रत्येक दुकानाचं अंतर वेगळं, अभिप्राय वेगळे. म्हणून प्रत्येकाची नोंद स्वतंत्र हवी, पत्ता आणि फोन त्या त्या दुकानाचा हवा, फोटो त्याच दरवाजाचा हवा. नाव पाटीवर असेल तेच. त्यात ‘स्वस्त सोलापुरी चादर’ घुसडणं नियमात बसत नाही, आणि ते मला योग्यच वाटतं. दहा किंवा त्याहून अधिक शाखा असतील तर पडताळणी एकगठ्ठा करता येते.

नकाशावरची खूण नेमकी दारावरच लावावी. १७.६ उत्तर, ७५.९ पूर्व एवढ्यानं आसपासच्या खेड्यांसकट सोलापूर सापडतं. दशांशाच्या पाचव्या घरापर्यंत गेलं की जागा मीटरभरात येते. खूण मागच्या गल्लीत पडली तर गिऱ्हाईक भिंतीपाशी जाऊन उभं राहणार.

वेळाही शाखेगणिक ठरतात. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते, नंदीध्वजांची मिरवणूक निघते. तेवढ्या दिवसांपुरती नवी पेठेतल्या दुकानाच्या नोंदीवर वेगळी वेळ घालता येते; पुण्याची शाखा मात्र नेहमीच्याच वेळेला उघडी दिसते.