खाकीची भीती आणि झाडूची लाज

तान्ह्या पोळ्याला नागपूरच्या वस्त्यांमध्ये लाकडी बैलांइतकीच गर्दी वेशभूषेतल्या पोरांची असते. त्यात एखादा पोलीस आणि एखादी डॉक्टरीण हमखास. बालवाडीतला ‘आपले मदतनीस’ हा पाठही बहुधा असाच उरकतो. भिंतीवर तक्ता, त्यावर गणवेशातली माणसे, आणि मुलांनी घडाघडा म्हटलेली नावे. मुले बिचारी शिकवले तेवढे शिकतात. गैरसमज असतात ते मोठ्यांचे.

गैरसमज : ‘जेवला नाहीस तर पोलीस घेऊन जातील’ म्हटल्याने काही बिघडत नाही.

वस्तुस्थिती : बिघडते, आणि नेमके नको त्या वेळी. दिवाळीच्या तोंडावर सीताबर्डीच्या मेन रोडवर आईचा हात सुटला, तर पोराने जायचे कोणाकडे? ज्याच्या नावाने रोज दरडावले, त्याच्याकडे? ते खाकी दिसताच लपणार, नाव विचारले तर तोंड मिटून बसणार. दवाखान्यातल्या ‘सुई’ची धमकीही त्याच माळेतली. त्यापेक्षा स्वतःचे पूर्ण नाव, आईबाबांचे नाव, वस्ती आणि घरातला एक मोबाइल नंबर पाठ करून घ्या. ‘हरवलास तर काय करशील?’ हा खेळ घरी खेळा. एकदा बाबाने पोलीस व्हावे, एकदा पोराने. ११२ हा नंबर पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका अशा तिन्हींसाठी चालतो, मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहे. एवढे पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या सहज लक्षात राहते.

गैरसमज : अग्निशमन दल म्हणजे लाल गाडी, आग आणि मिशीवाले काका.

वस्तुस्थिती : हे निदान नागपूरकराने तरी म्हणू नये. देशभरातल्या अग्निशमन अधिकाऱ्यांना घडवणारे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून आपल्याच गावात आहे. तिथे २००२ मध्ये प्रवेश घेतलेली आणि तिथून शिकून बाहेर पडलेली पहिली मुलगी, हर्षिनी कान्हेकर, नागपूरचीच. तक्त्यावर मात्र अजून काकाच. आणि आगीचेच म्हणाल, तर २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली, तेव्हा आग कुठे होती? अग्निशमन दलासह बचाव पथके बोटी घेऊन माणसे काढत होती. मूकबधिर विद्यालयातल्या मुलांनाही असेच बाहेर काढले गेले. ज्यांच्या घरात त्या दिवशी पाणी आले, त्यांच्या मुलांना हा धडा तक्त्याशिवाय कळतो.

गैरसमज : पोस्टमनचे काम आता संपले.

वस्तुस्थिती : पत्रे घटली, हे खरे. पण टपाल खात्याच्या बँकेचे पैसे घरपोच देण्यापासून लहानग्यांचे आधार काढून देण्यापर्यंतची कामे पोस्टमन करतो. मुलाला स्वतःच्याच पत्त्यावर पत्र टाकायला लावा. पिनकोडातल्या ४४० वरून ते नागपूरला येते, हे सांगा. ही पिनकोडाची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते, हेही जाता जाता सांगायला हरकत नाही.

गैरसमज : ही माणसे सेवा म्हणून, म्हणजे उपकार म्हणून काम करतात.

वस्तुस्थिती : त्यांना पगार मिळतो, आणि तो आपल्या करांतून आणि बिलांतून येतो. पेंचवरच्या नवेगाव खैरी धरणातले पाणी गोरेवाड्याला शुद्ध होऊन घरच्या नळाला येईपर्यंत किती हात लागतात, ते पोरांसोबत मोजून पाहा. तक्त्यावर त्यातला एकही हात नसतो.

गैरसमज : सफाई कामगारांबद्दल आदर शाळेत शिकवतातच.

वस्तुस्थिती : शाळेत शिकवतात, घरी पुसून टाकतात. ‘अभ्यास नाही केलास तर झाडू मारशील’ हे वाक्य ऐकले नाही असे मूल विरळाच. त्याच वर्गात झाडू मारणाऱ्या आईचे लेकरूही बसलेले असते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. हाताने मैला साफ करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. जिभेवर तशी बंदी नाही. या कामातला धोका मुलांना दाखवायला लांब जावे लागत नाही. भाजीच्या देठांत टाकलेली फुटकी काचेची बाटली कचरागाडीवरच्या माणसाचा हात कापते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरातला घातक कचरा असे तीन भाग वेगळे ठेवणे आपल्यावर बंधनकारक केले. भांडेवाडीच्या कचरा डेपोवर हे वेगळे होईल म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही ती.

उद्या कचरागाडी आली की डबा पोराच्या हाती द्या. काच असेल तर वर्तमानपत्रात गुंडाळून वर ‘काच’ असे त्याच्याकडूनच लिहून घ्या. गाडीवरच्या दादांचे नाव त्यालाच विचारू द्या, आणि आपल्यालाही ते ठाऊक नव्हते, हे मोकळेपणाने कबूल करा.