आखणीचा हात, चाळिशीची नजर

पेण, हमरापूर, जोहे येथील कारखान्यांत गणेशमूर्तीचे डोळे रंगवण्याला ‘आखणी’ म्हणतात. हे काम बहुधा अनुभवी कारागिरांकडेच असते. चेहरा पाहताना आपली नजर आधी डोळ्यांकडे जाते. पांढऱ्या भागात काळे बुबुळ कुठे आहे, यावरून समोरचा कुठे पाहतो हे क्षणात कळते. म्हणूनच बुबुळ केसभर सरकले तरी मूर्ती तिरळी वाटते.

चाळिशीच्या सुमारास डोळ्यातील भिंग ताठर होऊ लागते आणि जवळचे धूसर दिसते. हात सराईत, पण रेघ पुसट! अशा वेळी डोळे ताणत बसू नये. तपासणी करून जवळचा चष्मा घ्यावा. चष्म्याने नजर आणखी बिघडते, हा निव्वळ गैरसमज आहे. बाप्पाचे डोळे आखण्याआधी आपले तपासून घ्यावेत.