किण्वपेशीचे विभाजन आणि मेंदूचा दाह

पाव फुगविण्यासाठी पिठात जे यीस्ट मिसळले जाते, त्याला मराठीत किण्व असे नाव आहे. गोव्यातील पोदेर पूर्वी पिठात माडाची सूर घालीत. त्या सुरेतही किण्वच असे. पाव फुगतो तो या एकपेशीय कवकाने सोडलेल्या वायूमुळे. पुरेसे अन्न आणि ऊब मिळाली की सुमारे दीड तासात किण्वाच्या एका पेशीच्या दोन पेशी होतात. आईच्या अंगावर लहानसा अंकुर फुटतो, तो वाढतो आणि अखेरीस वेगळा होतो.

हे साधे दिसणारे विभाजन गेल्या काही दशकांत रेणवीय जीवशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा महत्त्वाचा विषय बनले आहे. त्याची कारणे दोन आहेत. किण्वाची पेशी ज्या पद्धतीने विभागते, त्याच पद्धतीच्या मुळाशी असलेल्या यंत्रणेने मानवी पेशीही विभागते, हे पहिले कारण. दुसरे कारण असे की, किण्वाच्या कुळातील सारेच सदस्य पाववाल्याच्या किण्वाइतके निरुपद्रवी नाहीत. त्यांपैकी एक माणसाच्या मेंदूपर्यंत पोहोचते आणि तेथे जीवघेणा दाह निर्माण करते.

विभाजनाचे नियम

अमेरिकेतील लेलँड हार्टवेल यांनी १९७० च्या सुमारास पाववाल्याच्या किण्वावर प्रयोग केले. नेहमीच्या तापमानात व्यवस्थित वाढणाऱ्या, परंतु तापमान वाढविताच विभाजनाच्या एखाद्या ठरावीक टप्प्यावर अडून बसणाऱ्या किण्वपेशी त्यांनी शोधून काढल्या. प्रत्येक अडलेली पेशी म्हणजे एका बिघडलेल्या जनुकाची खूण होती. या मार्गाने विभाजनाचे नियंत्रण करणारी शंभरांहून अधिक जनुके उजेडात आली.

ब्रिटनमधील पॉल नर्स यांनी दुसऱ्या जातीच्या किण्वात या यंत्रणेची किल्ली ठरणारे एक जनुक शोधले. १९८७ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने एक विलक्षण गोष्ट सिद्ध केली. हे जनुक निकामी झालेल्या किण्वपेशीत मानवी पेशीतील तत्सम जनुक घातले असता ती पेशी पुन्हा विभागू लागली. माणूस आणि किण्व यांचे समान पूर्वज शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे. एवढ्या काळानंतरही एकाच्या यंत्रातील भाग दुसऱ्याच्या यंत्रात बसला. पेशीविभाजनाच्या या संशोधनासाठी हार्टवेल, नर्स आणि टिम हंट यांना २००१ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. कर्करोग म्हणजे पेशींचे बेबंद विभाजन. साहजिकच त्या रोगाच्या अभ्यासाला किण्वाने मोठा आधार दिला.

मेंदूत शिरणारे किण्व

क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स हे किण्वाच्या रूपात वाढणारे दुसरे कवक होय. माणसाला त्यापासून होणाऱ्या रोगाची नोंद जर्मनीत १८९४ मध्ये झाली. कबुतरांच्या विष्ठेने दूषित झालेली माती आणि झाडांचे कुजके लाकूड ही त्याची वसतिस्थाने. तेथून त्याचे सूक्ष्म कण हवेत मिसळतात आणि श्वासावाटे फुप्फुसांत जातात. बहुतेक निरोगी माणसांची प्रतिकारशक्ती त्यांचा बंदोबस्त करते. परंतु एचआयव्हीची बाधा, अवयवरोपणानंतरची औषधे किंवा स्टेरॉइडचे दीर्घ उपचार यांमुळे ही शक्ती क्षीण झाली असेल, तर हे किण्व रक्तातून मेंदूकडे जाते. तेथे मेंदूची आवरणे आणि मेंदू यांचा दाह सुरू होतो.

या रोगाची सुरुवात फसवी असते. काही दिवस किंवा काही आठवडे डोके दुखत राहते, ताप येतो, मळमळते. पुढे दृष्टी अंधुक होते, मान ताठरते आणि शुद्ध हरपू लागते. मेंदूभोवतीच्या द्रवाचा दाब वाढणे हा त्यातील मोठा धोका होय. पाठीच्या कण्यातून सुईने थोडा द्रव काढून तो दाब कमी करावा लागतो. त्याच द्रवात काळ्या शाईचा थेंब मिसळून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास काळ्या पार्श्वभूमीवर शुभ्र वलय असलेल्या गोल पेशी दिसतात. हे वलय म्हणजे या किण्वाभोवतीचे शर्करामय कवच. शरीरातील रक्षक पेशींना ते सहजासहजी दाद देत नाही.

२०२० या एका वर्षात जगभरातील एचआयव्हीबाधितांमध्ये या दाहाचे सुमारे १ लाख ५२ हजार रुग्ण झाले आणि त्यांतील सुमारे १ लाख १२ हजार दगावले, असा अंदाज तज्ज्ञांनी वर्तविला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये रोगकारक कवकांची जी पहिली अग्रक्रम यादी प्रसिद्ध केली, तीत सर्वांत गंभीर गटात या किण्वाचा समावेश आहे.

साम्याची अडचण

जिवाणूंवर गुणकारी ठरणारी प्रतिजैविके विपुल असताना कवकांवरील औषधे इतकी थोडी का, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर नर्स यांच्या प्रयोगातच दडलेले आहे. जिवाणूची रचना मानवी पेशीहून फार वेगळी असते. त्यामुळे त्याच्यावर घातलेला घाव माणसाला सहसा लागत नाही. किण्वाचे तसे नाही. त्याला केंद्रक आहे, गुणसूत्रे आहेत आणि विभाजनाची यंत्रणाही आपल्यासारखीच आहे. जे साम्य संशोधकाला उपकारक ठरले, तेच वैद्याला अडचणीचे झाले आहे.

म्हणून उपचारांसाठी दोहोंतील भेद हुडकावे लागतात. सध्याची औषधे अशाच भेदांवर आधारलेली आहेत. किण्वाच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल नावाचा मेदयुक्त पदार्थ असतो, तर मानवी पेशीपटलात कोलेस्टेरॉल. ॲम्फोटेरिसिन-बी हे औषध अर्गोस्टेरॉलला चिकटते आणि पेशीपटलाची हानी करते. मात्र हा भेद फार मोठा नसल्याने रुग्णाच्या मूत्रपिंडांनाही त्याची झळ पोहोचते. फ्लुकोनॅझोल हे औषध अर्गोस्टेरॉल तयारच होऊ देत नाही.

फ्लुसायटोसिन या तिसऱ्या औषधाची कथा उद्बोधक आहे. १९५७ मध्ये ते कर्करोगावरील उपाय म्हणून तयार करण्यात आले. पण त्या कामी ते निरुपयोगी ठरले. पुढे असे दिसून आले की, किण्वाच्या पेशीत त्याचे विषात रूपांतर करणारे एक विकर असते आणि मानवी पेशीत ते नसते. किण्व हे औषध आत घेते, स्वतःच त्याचे विष बनविते आणि मग त्याला आपल्या डीएनएची नवी प्रत तयार करता येत नाही. अर्थात विभाजन थांबते.

बंगळूरच्या प्रयोगशाळेतील शोध

किण्वाच्या विभाजनयंत्रणेत असे आणखी भेद आहेत काय, याचा मागोवा घेणाऱ्या शास्त्रज्ञांत भारतीय रेणवीय जीवशास्त्रज्ञ डॉ. कौस्तुभ सान्याल यांचे नाव आदराने घेतले जाते. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू उन्नत वैज्ञानिक संशोधन केंद्रात त्यांनी अनेक वर्षे रोगकारक किण्वांचा अभ्यास केला. पुढे ते कोलकात्याच्या बोस संस्थेचे संचालक झाले.

पेशी दुभंगताना गुणसूत्रांच्या दोन समान वाटण्या व्हाव्या लागतात. एक गुणसूत्र जरी चुकीच्या बाजूला गेले, तरी नवी पेशी सदोष होते किंवा मरते. या वाटणीसाठी प्रत्येक गुणसूत्रावर सेंट्रोमिअर नावाची एक जागा असते. तेथे अनेक प्रथिनांची मिळून एक जोडणी उभी राहते. तिला कायनेटोकोर म्हणतात. चातीच्या आकाराच्या तर्कूचे धागे या जोडणीला येऊन मिळतात आणि गुणसूत्रांना दोन दिशांना ओढून नेतात. गाडीचा डबा इंजिनाला जोडणाऱ्या कडीचे जे काम, तेच कायनेटोकोरचे.

डॉ. सान्याल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका व जपानमधील शास्त्रज्ञांच्या साहाय्याने क्रिप्टोकॉकसमधील या प्रथिनांना चमकणारी खूण जोडली आणि जिवंत पेशीत त्यांचा प्रवास पाहिला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अनपेक्षित होते. पाववाल्याच्या किण्वात कायनेटोकोर जवळजवळ सर्वकाळ जोडलेलेच असते. क्रिप्टोकॉकसमध्ये मात्र ते मानवी पेशीप्रमाणे टप्प्याटप्प्याने उभे राहते. विभाजनाच्या वेळी मानवी पेशीतील केंद्रकाचे आवरण विरून जाते आणि पाववाल्याच्या किण्वात ते अखंड राहते. क्रिप्टोकॉकस या दोहोंच्या मध्ये आहे, त्याचे आवरण अंशतः उघडते. शिवाय आईच्या पेशीतील केंद्रक प्रथम अंकुरात सरकते, तेथे गुणसूत्रांची विभागणी होते आणि एक वाटा आईकडे परत येतो.

२०२१ मध्ये याच गटाने जपानमधील शास्त्रज्ञांसमवेत आणखी एक शोध जाहीर केला. माणसात सेंट्रोमिअर आणि कायनेटोकोरचा बाहेरचा भाग यांना सांधणारी जी प्रथिने आहेत, त्यांतील बहुतेक क्रिप्टोकॉकसमध्ये नाहीतच. त्याऐवजी तेथे एक निराळे प्रथिन पुलासारखे काम करते. शास्त्रज्ञांनी त्याला ब्रिजिन असे समर्पक नाव दिले.

या शोधांतून अद्याप औषध सिद्ध झालेले नाही. परंतु घाव कोठे घालावा, हे ठरविण्यासाठी शत्रूच्या घराचा नकाशा हाती असावा लागतो. तो नकाशा तयार करण्याचे काम अशा मूलभूत संशोधनातून होत असते.

रुग्णाच्या खाटेपर्यंत

प्रयोगशाळेतील ज्ञान रुग्णापर्यंत कसे पोहोचते, याचे एक उदाहरण मुंबईत घडले आहे. ॲम्फोटेरिसिन-बी मेदाच्या अतिसूक्ष्म गोलकांत, म्हणजे लायपोसोममध्ये, भरून दिल्यास त्याची विषारी झळ कमी होते. असे औषध देशातच तयार व्हावे यासाठी दिल्ली विद्यापीठातील डॉ. बिमलकुमार बच्छावत आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी संशोधन केले. रुग्णांवर त्याच्या चाचण्या याच रुग्णालयात झाल्या.

लायपोसोममधील या औषधाचा एकच मोठा डोस आणि त्याच्या जोडीला दोन आठवडे फ्लुसायटोसिन व फ्लुकोनॅझोल, असा उपचार आफ्रिकेतील पाच देशांत तपासण्यात आला. तो जुन्या दीर्घ उपचारांइतकाच गुणकारी आणि त्यांहून कमी त्रासाचा ठरला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचआयव्हीबाधित रुग्णांसाठी त्याची शिफारस केली.

रोग वेळीच ओळखला जाणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. या किण्वाच्या कवचाचे अंश रक्तात आहेत काय, हे कागदी पट्टीच्या साध्या चाचणीने काही मिनिटांत कळते, आणि तेही पुष्कळदा डोकेदुखी सुरू होण्यापूर्वी. प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्या एचआयव्हीबाधितांची अशी तपासणी झाल्यास अनेकांचे प्राण वाचू शकतात. अशा व्यक्तींनी अनेक दिवस टिकणारी डोकेदुखी आणि ताप अंगावर काढू नये. हा रोग सहवासाने पसरत नाही. म्हणून रुग्णाला दूर ठेवण्याचे कारण नाही, हेही कुटुंबियांनी ध्यानात घ्यावे.

पावाच्या पिठात दीड तासात दुभंगणाऱ्या एका पेशीने विज्ञानाला मानवी पेशीची ओळख करून दिली. तिच्याच कुळातील घातक किण्वाला आवर घालण्यासाठी आता ती ओळख पणाला लागली आहे. आपण आणि किण्व किती सारखे आहोत, हे गेल्या शतकात कळले. आपण नेमके कोठे वेगळे आहोत, या प्रश्नाच्या उत्तरावर यापुढील अनेक रुग्णांचे प्राण अवलंबून आहेत.