सुंदरीला कोणी विचारले?

कर्तव्य, प्रेम, पाप हे शब्द आले की आपल्या तरुणांना रामायण-महाभारतच आठवते. तिथे कर्तव्य बहुतेकदा जन्माने ठरते. उत्तरकांडातला शंबूक तप करतो हेच त्याचे पाप, आणि शिक्षा मृत्यू.

बौद्ध कवी अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ या १८ सर्गांच्या संस्कृत महाकाव्यात पेच वेगळा आहे. (हरप्रसाद शास्त्रींनी ते नेपाळातल्या हस्तलिखितांवरून १९१० मध्ये छापले.) नंद हा तथागतांचा सावत्र भाऊ. चेहऱ्यावरची नक्षी सुकायच्या आत परत ये, असे पत्नी सुंदरी त्याला बजावते. पण तो तथागतांमागे विहारात पोहोचतो आणि रडत रडत त्याचे मुंडन होते. अंगावर चीवर, मनात सुंदरी. यासाठी त्याला शिक्षा होत नाही. तथागत त्याला स्वर्गातल्या अप्सरा दाखवतात, तर हा पठ्ठ्या सुंदरीलाच विसरतो! मग आनंद त्याला सुनावतो, अप्सरांसाठी पाळलेला संयम म्हणजे सौदा. इथे तपासले जाते ते मन, जन्म नव्हे.

तरीही माजिवड्यात आम्ही हे वाचले तेव्हा मुलींनी नेमके बोट ठेवले: सुंदरीला कोणी विचारले? सहाव्या सर्गात कवी तिचा आक्रोश मन लावून लिहितो, पण तिच्या प्रश्नाला उत्तर देत नाही. आम्हाला ही काव्याची उणीव वाटते.

अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यात मात्र ती दिसते. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात हे लेणे कोरवून घेतले. तिथले ‘मरणासन्न राजकन्या’ म्हणून गाजलेले चित्र अभ्यासक सुंदरीचे मानतात. सेवक नंदाचा मुकुट घेऊन आलाय, ती कोसळली आहे, आणि भोवतीच्या बायका तिला सावरताहेत.