हात फिरे तेथे लक्ष्मी : महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकघरातील एक विचार

भाद्रपदाच्या शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्र लागले, की विदर्भातील घराघरांत ज्येष्ठा-कनिष्ठा महालक्ष्म्यांचे आगमन होते. उंबरठ्यापासून आतपर्यंत रांगोळीची व कुंकवाची पावले उमटतात. ताट वाजविले जाते, आणि मुखवटे हाती घेतलेल्या सुवासिनी त्या पावलांवरून संथपणे चालत घरात येतात. ही पावले थेट मखरापाशी जात नाहीत. देवघर, धान्याची कोठी, दुभत्याची जागा आणि स्वयंपाकघर असे सारे घर दाखवीत देवीला तिच्या आसनाकडे न्यावे, अशी रीत कित्येक कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. त्या सायंकाळी आपले स्वयंपाकघर आरशासारखे असते. डबे पुसलेले, भांडी झळकणारी, ओट्यावर स्वस्तिक रेखलेले. देवी प्रसन्न मनाने पुढे जात असेल, यात शंका नाही.

परंतु दुसऱ्या दिवशी, ज्येष्ठा नक्षत्रावरील महापूजेच्या दिवशी, भर दुपारी बाराच्या सुमारास देवीने पुन्हा एकदा त्याच दाराशी डोकावले तर तिला काय दिसेल? हा प्रश्न प्रत्येक गृहिणीने स्वतःस विचारून पाहावा असा आहे.

महालक्ष्म्यांचा स्वयंपाक म्हणजे लहानसहान कार्य नव्हे. पुरणपोळी, ज्वारीच्या पिठाची आंबील, कढी, कटाची आमटी, सोळा भाज्या, पंचामृत, चटण्या-कोशिंबिरी, वडे, भजी, खीर आणि भात. शिवाय मखरावर टांगावयाचा करंज्या-पापड्यांचा फुलोरा. पदार्थांची संख्या वीस-पंचविसांच्या घरात सहज जाते, आणि भांडी त्याच्या तिप्पट होतात. मोरीत खरकट्या भांड्यांचा डोंगर, ओट्यावर बेसनाचे ओघळ, खाली भाज्यांची देठे, आणि या सर्वांच्या मध्यभागी पहाटेपासून उभी असलेली घरची लक्ष्मी! बाहेर आरतीची झांज वाजते, आणि ती मात्र आतूनच, पिठाचे हात जोडून, डोळे मिटून घेते. जिने सर्वांसाठी नैवेद्य रांधला, तिलाच देवीचे मुख निवांतपणे पाहावयास मिळू नये, याहून मोठी उणीव सणात कोणती?

‘हात फिरे तेथे लक्ष्मी वसे’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. तिचा अर्थ बहुधा सण येण्यापूर्वीच्या झाडलोटीपुरता घेतला जातो. खरे पाहता आवरण्याचे दोन प्रकार आहेत. एक, सर्व आटोपल्यानंतरचे. दुसरे, काम चालू असतानाच हातासरशी केलेले. पहिल्याने घर स्वच्छ दिसते; दुसऱ्याने अन्न शुद्ध राहते आणि रांधणारीला उसंत मिळते. प्रस्तुत लेखिकेला हा भेद उमगला तो आजोळच्या एका प्रसंगातून.

आजोळ भंडारा शहरातले. तलावांचा आणि भाताचा हा जिल्हा, तसाच पितळेचाही. येथील पितळी भांड्यांची ख्याती फार जुनी. किंबहुना गावाचे नावच पितळवाचक ‘भाणा’ शब्दावरून पडले असावे, असेही सांगितले जाते. साहजिकच आजीच्या घरी गुंड, घंगाळे, पराती आणि गंज यांची रांगच्या रांग होती. यांतील काही भांडी आतून कल्हई केलेली, तर काही केवळ पाणी भरण्यासाठी वा धान्य ठेवण्यासाठी असलेली, बिनकल्हईची. हा फरक आजीला अंधारातही ओळखू येई.

त्या वर्षी पाहुणे अधिक होते आणि कामाला हातही अधिक होते. पण कामाची शिस्त मात्र कोणी ठरविली नव्हती. जो तो हाताला येईल ते भांडे घेई आणि वापरून मोरीत टाकी. कढी करण्याची वेळ आली तेव्हा कल्हईची सारी भांडी खरकटी होऊन पडली होती. घाईच्या भरात कोणीतरी कोनाड्यातील एक लखलखीत गंज उचलला आणि त्यातच कढी उकळली. तो गंज बिनकल्हईचा होता. नैवेद्याआधी अन्नाची चव घ्यावयाची नाही हा घराचा दंडक. त्यामुळे जिभेला काही कळण्याचा प्रश्नच नव्हता. ताट वाढण्याच्या वेळी आजीने झाकण काढले, आणि कढीच्या कडेला उमटलेली हिरवट रेघ तिच्या नजरेने टिपली. कढी कळकली होती.

चाळीस माणसांची कढी आजीने एक शब्द न बोलता ओतून दिली. नैवेद्याचे ताट त्या वर्षी कढीवाचून वाढले गेले. मोठ्या माणसांचे चेहरे उतरले. परंपरेत खंड पडला म्हणून कुजबूज झाली. आजीचे म्हणणे एवढेच, की एक वाटी कमी पडली म्हणून देवी रागावणार नाही. मात्र तिच्या नावाने बसलेल्या सवाष्णीच्या पोटात वीष गेले असते, तर त्याची क्षमा कोठे मागावयाची?

आजीचे हे वागणे शास्त्राला धरून होते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. ताक, चिंच, लिंबू यांसारख्या आंबट पदार्थांशी संयोग होताच तांब्याचा अंश अन्नात उतरतो, आणि त्याचे प्रमाण वाढल्यास मळमळ, उलट्या, पोटदुखी असे विकार होतात. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ लेप. नवसागराने भांडे स्वच्छ करून तापल्या धातूवर तो चढविला, की अन्न आणि पितळ यांच्यामध्ये एक पडदा उभा राहतो. कथिल सुमारे २३२ अंश सेल्सिअसला वितळते; म्हणूनच कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर ठेवू नये, आणि लेप विटला की ते पुन्हा कल्हईवाल्याकडे द्यावे. ज्या चिंचेने व राखेने आपण पितळ लख्ख उजळवितो, तीच चिंच आमटीत पडली की त्याच पितळेला विरघळविते. बाहेरची झळाळी म्हणजे आतली शुद्धता नव्हे, हा धडा त्या गंजाने आम्हांस शिकविला.

पुढील वर्षापासून आजीने स्वयंपाकघराची घडीच बदलली. तिने काढलेली रीत सोपी होती, आणि आजच्या स्टीलच्या भांड्यांच्या व गॅसच्या शेगड्यांच्या काळातही ती तितकीच उपयोगी आहे.

पूर्वरात्रीच कोणता पदार्थ कोणत्या भांड्यात व्हावयाचा, हे ठरवून भांडी क्रमाने मांडली जात. पाण्यासाठी व धान्यासाठी असलेली भांडी त्या दिवशी स्वयंपाकघरातून हलविली जात. फुलोरा आधीच तळून, निवून, झाकून ठेवलेला असे. त्यामुळे तळणीचा पसारा मुख्य दिवशी निम्म्याने कमी होई. पहाटे सर्वप्रथम पुरणाची डाळ चुलीवर चढे. ती शिजेपर्यंतचा वेळ रिकामा न दवडता भाज्या चिरून, देठे-साली एका टोपलीत भरून थेट गोठ्याकडे रवाना होत. डाळ उपसली, की तिचे कट त्याच भांड्यात ठेवून तेथेच आमटीला फोडणी पडे; एक भांडे घासण्याचे वाचे. कोरड्या भाज्या आधी, रसाच्या नंतर, असा क्रम असल्याने एकच कढई नुसती विसळून चार वेळा वापरता येई. भजी आणि पोळ्या अगदी शेवटी. प्रत्येक पदार्थ उतरला, की त्यावर झाकण, ओट्यावरून ओले फडके, आणि रिकामे भांडे लगेच मोरीत विसळलेले. वाळलेले बेसन खरवडण्यास जितका वेळ लागतो, त्याच्या दशांश वेळात ओले बेसन धुतले जाते, हे सांगावयास कोणा पंडिताची गरज नाही.

फडकी तीन असत. हात पुसण्याचे वेगळे, भांडी पुसण्याचे वेगळे, आणि जमिनीचे पोतेरे वेगळे. तिन्हींच्या खुंट्याही ठरलेल्या. चुकूनही एकाचे काम दुसऱ्याने होत नसे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली सुरक्षित अन्नाची पाच सूत्रे जगापुढे मांडली. स्वच्छता राखावी, कच्चे व शिजलेले अन्न वेगळे ठेवावे, अन्न पूर्ण शिजवावे, ते योग्य तापमानात ठेवावे, आणि पाणी व जिन्नस निर्धोक असावेत. आजीने ही सूत्रे वाचलेली असण्याचा संभवच नव्हता. पण तिच्या स्वयंपाकघरात यांतील बहुतेक सारी नांदत होती. एका बाबतीत मात्र आपण आजीच्याही पुढे गेले पाहिजे. शिजलेले अन्न साध्या हवेत दोन तासांहून अधिक काळ राहू देऊ नये, आणि गरम ठेवावयाचे अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवावे, असे हे शास्त्र सांगते. भाद्रपदातील दमट उष्म्यात पुरण आणि खीर लवकर विटतात, हे आपण जाणतोच. परंतु भाताकडे आपले लक्ष जात नाही. ‘बॅसिलस सिरियस’ नावाच्या जंतूंची बीजे भात शिजवूनही मरत नाहीत, आणि भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला, की ती वाढीस लागून विष निर्माण करतात. सकाळी अकराला उतरलेला भात दुपारी चार वाजता शेवटच्या पंगतीला वाढला जातो. त्या शेवटच्या पंगतीत कोण असते? पहाटेपासून राबणाऱ्या घरच्या स्त्रियाच! ज्या जिल्ह्याच्या शेताशेतांत भात पिकतो, तेथील अन्नपूर्णेच्या ताटी ताजा भात नसावा, हे शोभत नाही. भात एकदम न रांधता पंगतीगणिक रांधावा. भांडी वेळच्या वेळी मोकळी होत असतील, तर यात काहीच अवघड नाही.

पाण्याविषयीही येथेच सांगितले पाहिजे. २०२० च्या ऑगस्टअखेरीस, महालक्ष्म्यांचे विसर्जन होऊन दोन-तीन दिवस होत नाहीत तोच, वैनगंगेला महापूर आला आणि भंडारा शहरातील व काठच्या गावांतील अनेक घरांत पाणी शिरले. पावसाळ्यात विहिरीचे वा नळाचे पाणी गढूळ दिसले, तर पिण्याचे पाणी आणि कोशिंबिरीच्या भाज्या धुण्याचे पाणी उकळून घ्यावे. पंचामृत आणि कोशिंबीर विस्तवावर जात नाहीत; त्यांची शुद्धता पाण्यावर आणि हातांवरच अवलंबून असते.

येथे कोणी म्हणेल, आमच्याकडे सोवळे असते, मग वेगळी स्वच्छता कशास हवी? सोवळ्याचे मर्म पाहू जाता ते स्नानात, धुतलेल्या वस्त्रात आणि एकाग्र चित्तात आहे. कालौघात त्याचा अर्थ माणसाला माणसापासून दूर ठेवण्याकडे वळला, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. सोवळे नेसून अस्वच्छ फडक्याने ताट पुसले, तर ते सोवळे केवळ वस्त्राचे राहिले. विदर्भाच्या भूमीने या बाबतीत आपल्याला थोर गुरू दिले आहेत. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या संत गाडगेबाबांनी हाती खराटा घेतला. दिवसा ते गाव झाडीत, आणि रात्री कीर्तनातून मने. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीते’त ग्रामशुद्धीचा विचार आवर्जून मांडला. ज्यांनी अवघे गाव देवालय मानले, त्यांच्या प्रदेशात स्वयंपाकघराला देवघराइतकाच मान मिळावा, हे ओघानेच येते.

आता शेवटची, आणि कदाचित सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हातासरशी आवरणे हे एकट्या हाताचे काम नव्हे. आजीच्या नव्या घडीत मोरीजवळची जागा आजोबांची होती. पंचाहत्तरी ओलांडलेले आजोबा पाटावर बसून विसळलेली भांडी पुशीत आणि जागच्या जागी लावीत. मामांकडे पाणी भरणे होते; आम्हां मुलांकडे टोपली नेणे आणि पाने पुसणे. प्रारंभी शेजारीपाजारी हसले. पुढे त्यांच्याही घरी पाट मोरीजवळ सरकले. पुरुषांनी देवीची आरास करावी, हे आपण मानतो; मग तिच्या नैवेद्याची भांडी घासण्यात कोणता कमीपणा? देवीची सेवा मखराशी जितकी होते, तितकीच ती मोरीशीही होते.

आजोळच्या त्या वर्षीचे एक दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे. नैवेद्याचे ताट वाढून झाले होते. डावीकडे मीठ, लिंबू, चटण्या; उजवीकडे भाज्या; मधोमध भाताची मूद आणि त्यावर तुपाची धार. कढीची वाटी आपल्या जागी होती. आत ओटा पुसलेला, चुलीत निखारे झाकलेले, मोरी रिकामी. आजीने हात धुतले, पदर सावरला, आणि कित्येक वर्षांनंतर प्रथमच ती आरतीला सर्वांच्या पुढे येऊन उभी राहिली. निरांजनांच्या उजेडात तिने दोन्ही महालक्ष्म्यांचे मुख डोळे भरून पाहिले.

येत्या महालक्ष्म्यांना आपल्या घरचा नैवेद्य असाच शुद्ध व्हावा, आणि तो रांधणारे हात आरतीच्या वेळी मोकळे असावेत, एवढेच देवीच्या चरणी मागणे.