वटवाघळाच्या बोटांमधली जागा

आईच्या पोटात सहा आठवडे झालेल्या गर्भाला हात असतो, पण सुटी बोटं नसतात. पळीच्या टोकासारखा चपटा, गोलसर पंजा असतो. आत पाच बोटांच्या कूर्चेच्या पट्ट्या उमटू लागलेल्या असतात आणि मधली जागा जिवंत पेशींनी गच्च भरलेली असते. पुढच्या साधारण दोन आठवड्यांत या मधल्या पेशी मरतात. त्यांना ना दुखापत झालेली असते, ना संसर्ग. मरायचा निरोप येतो आणि त्या मरतात. आठव्या आठवड्याच्या अखेरीस बोटं मोकळी झालेली असतात. कॉलेजात असताना हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हापासून मी या विषयाच्या मागे आहे. तान्ह्या बाळाची मूठ हलकेच उघडताना आजही पहिल्यांदा हेच मनात येतं.

या मरणाची रीत फार शिस्तीची आहे. पेशी आकसते. कास्पेज नावाची विकरं आतल्या प्रथिनांचे तुकडे करतात, डीएनए कापला जातो आणि पेशीच्या आवरणावर ‘मला गिळा’ अशी रासायनिक खूण उमटते. मग भक्षक पेशी येऊन ते तुकडे फस्त करतात. आतला ऐवज बाहेर सांडत नाही, त्यामुळे आजूबाजूला सूज येत नाही. २००० साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यातल्या उंदरांच्या गर्भात भक्षक पेशी तयारच होत नव्हत्या. तरी मेलेल्या पेशी तशाच पडून राहिल्या नाहीत. शेजारच्या साध्यासुध्या पेशींनीच, जरा सावकाश का होईना, त्या गिळून टाकल्या.

निरोप कोण देतं? मुख्यतः बीएमपी गटातली प्रथिनं. त्यांच्या उलट, पंजाच्या कडेकडून येणारी एफजीएफ प्रथिनं पेशींना जगवतात. या दोघांच्या तोलावर बोटांमधल्या जागेचं भवितव्य ठरतं. बदकाच्या पायात ग्रेमलिन नावाचं तिसरं प्रथिन बीएमपीला अडवून धरतं, म्हणून पोहायचा पडदा शाबूत राहतो. पण बदक पक्षी झाला. सस्तन प्राण्यांमध्ये याच कोड्यापायी ज्यानं मला वेड लावलं, तो प्राणी वटवाघूळ.

आमच्या गावाबाहेरच्या जुन्या वडावर मोठ्या फळखाऊ वटवाघळांची वस्ती आहे. भर दुपारी दुर्बीण लावून बसलं की सगळं एकाच नजरेत दिसतं. अंगाभोवती गुंडाळलेला पंख म्हणजे हाताचा पंजा : अंगठा तेवढा मोकळा, बाकीची चार बोटं अतोनात लांबलेली आणि त्यांच्यामध्ये पातळ कातडी ताणलेली. आणि वर, फांदीला धरून ठेवणाऱ्या पायाची पाचही बोटं सुटी, नखं रोवलेली! एकाच जिवाच्या हातात मधल्या पेशी जगल्या आणि पायात मेल्या. कितीही वेळा पाहिलं तरी याचं नवल ओसरत नाही.

२००६ साली स्कॉट वेदरबी, ली निसवाँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका खंडातल्या आखूड शेपटीच्या एका फळखाऊ वटवाघळाचे गर्भ तपासले. मरणाचा निरोप, म्हणजे बीएमपी, हात आणि पाय दोन्हींकडे हजर होता. पण हाताच्या बोटांमध्ये ग्रेमलिनही होतं, शिवाय जगवणारं एफजीएफ-८ होतं. पायात हे संरक्षण नव्हतं. मग त्यांनी पंखाच्या ऊतीत एकीकडे बीएमपी वाढवलं आणि दुसरीकडे एफजीएफ रोखलं, तेव्हा तिथल्याही पेशी मरू लागल्या. म्हणजे मरायची तयारी पंखातल्या पेशींचीही होती; त्यांना राखलं गेलं होतं. पाठ्यपुस्तकांत बोटांमधल्या पेशी मरतात एवढं एक वाक्य येतं आणि वटवाघूळ गाळलं जातं, हे मला फार खटकतं. मुलांना हा विषय वटवाघळापासूनच शिकवायला हवा.

याच्या उलट टोकाला आहे मध्य आशियातला जर्बोआ, उड्या मारत जाणारा वाळवंटी उंदीर. पुढच्या पायांना पाच बोटं, मागच्यांना तीनच. किंबर्ली कूपर, क्लिफ टॅबिन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं की मागच्या पायात आधी पाच बोटांचा आराखडा नीट उमटतो. नंतर पेशीमृत्यूचा पट्टा पसरतो आणि कडेची दोन बोटं त्यात जातात. घोड्याची बोटं कमी होण्यामागेही त्यांना हाच मार्ग दिसला. डुकराचा मार्ग मात्र निराळा : तिथे आराखडाच सुरुवातीला बदलतो.

बाकीचा पसारा थोडक्यात सांगतो. १९७२ साली केर, वायली आणि करी यांनी या मरणाचं रूप नेमकं वर्णन केलं. इवल्याशा सूत्रकृमीत तयार होणाऱ्या १०९० कायिक पेशींपैकी १३१ ठरलेल्या वेळी मरतात. त्या कृमीवरच्या कामासाठी ब्रेनर, सल्स्टन आणि हॉरविट्झ यांना २००२ चं नोबेल मिळालं. माणसाच्या गर्भात पाचव्या महिन्याच्या सुमारास ६०-७० लाख असलेल्या बीजपेशी मुलगी जन्मते तेव्हा १०-२० लाख उरतात. मज्जारज्जूतल्या स्नायूंना चालवणाऱ्या चेतापेशींपैकी सुमारे निम्म्या जन्माआधीच जातात.

हे वाचून वाटतं की या मृत्यूशिवाय शरीर घडणारच नाही. मीही वर्षानुवर्षं तसंच मानत आलो. पेशीच्या आतून येणाऱ्या या मरणाला बॅक्स आणि बॅक ही प्रथिनं लागतात. ती दोन्ही काढून टाकलेले बहुतेक उंदीर जन्माच्या आसपास दगावले. जे वाचले त्यांच्या बोटांमध्ये पडदे राहिले होते. २०१८ साली मेलबर्नच्या संशोधकांनी बॉक हे तिसरं भावंडही काढलं. नुकसान आणखी वाढलं. तरीही कित्येक अवयव या मरणाशिवाय व्यवस्थित घडलेले सापडले आणि अगदी मोजके उंदीर चक्क प्रौढ झाले. माझ्या मते गेल्या काही वर्षांतला या क्षेत्रातला हा सगळ्यांत अस्वस्थ करणारा निष्कर्ष आहे. इतक्या पेशी मरू न देताही ते उंदीर मोठे कसे झाले, जास्तीच्या पेशींना शरीरानं सामावलं कसं, हे आता एकेका अवयवात शिरून तपासायला हवं.