चेहऱ्याचे रक्षण

दर्यापूर हे वऱ्हाडातील, पूर्णेच्या खोऱ्यातील कापसाचे गाव. पूर्वी हंगामात येथील बाजाराच्या वाटेवर बैलगाड्यांच्या रांगा लागत. आज त्याच वाटांवरून मोटारी, मालमोटारी आणि मोटारसायकली धावतात. प्रवास सुकर झाला. परंतु वेगाबरोबर अपघाताचे भयही वाढले. जगात सर्वत्र असेच घडले आहे.

वेगवान वाहन एकाएकी थांबले, तरी त्यात बसलेल्या माणसाचे शरीर पूर्वीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहते. यालाच जडत्व म्हणतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारा माणूस समोरच्या वस्तूवर आदळला, तर तो आघात सुमारे ६ मीटर उंचीवरून पडण्याइतका असतो. अशा वेळी पुष्कळदा चेहराच प्रथम आपटतो.

चेहऱ्यात १४ हाडे असतात. नाकाची हाडे तर अगदी पातळ. जबडा मोडला, तर खाणे-बोलणे कठीण होते. डोळ्याभोवतीचे हाड मोडले, तर दृष्टीला धोका पोहोचतो. रक्त घशात उतरले, तर श्वासही कोंडतो. तेव्हा ही इजा केवळ रूपाची नव्हे.

दुखावलेला चेहरा सुधारण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. पुण्याकडे कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या त्वचेपासून नवे करण्यात आले. ती हकीकत १७९४ साली लंडनच्या एका मासिकात छापून आली आणि युरोपातील शल्यवैद्यांनी ही पद्धत अभ्यासली. आज मोडलेली हाडे धातूच्या पट्ट्यांनी सांधता येतात. तथापि प्रत्येक व्रण पुसता येतोच असे नाही.

म्हणून इजा टाळणे हेच श्रेयस्कर. १९५९ साली स्वीडनमधील नील्स बोलिन या अभियंत्याने छाती व कंबर दोन्ही धरून ठेवणारा पट्टा मोटारीत आणला. त्याच्या कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. त्यामुळे असंख्य प्राण वाचले. मोटारसायकलवर असा पट्टा नसतो; तेथे हेल्मेटच आपला रक्षक. मात्र केवळ डोके झाकणारे हेल्मेट हनुवटी उघडी ठेवते. चेहरा वाचवायचा, तर हनुवटीही झाकणारे हेल्मेट हवे. ते नुसते डोक्यावर ठेवून भागत नाही. त्याचा बंदही घट्ट बांधावा लागतो.

मुलांनो, घरातील कोणी मोटारसायकलवर अकोल्यास किंवा अमरावतीस निघाले, की "बंद बांधला का?" एवढे अवश्य विचारा. आणि मागे बसताना स्वतःचा बंद बांधण्यास विसरू नका.